सोन्याच्या जन्माचा हिशेब

तिगावच्या गृहिणीच्या मंगळसूत्रातील सोने ताऱ्यांच्या उत्पातात घडले. न्यूट्रॉन गिळीत अणुकेंद्रे जड होत जातात, हे जयंत नारळीकरांचे गुरू फ्रेड हॉईल व त्यांच्या तिघा सहकाऱ्यांनी १९५७ साली मांडले. परंतु त्या वाटेवरील बहुतेक केंद्रे किरणोत्सारी, अल्पायुषी. मोजण्यापूर्वीच जो पदार्थ विरून जातो, त्याच्यावर न्यूट्रॉनचा मारा करावयाचा कसा? आणि मोजमापावाचून सोन्याचा हिशेब म्हणजे निव्वळ अंदाज!

मुंबईच्या पेलेट्रॉन यंत्रावर भाभा अणुसंशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी एक आडवाट धरली. प्रोटॅक्टिनियम-२३३ सत्तावीस दिवसांत निम्मे उरते. म्हणून त्यांनी थोरियमवर लिथियमचा मारा केला. प्रोटॅक्टिनियमने न्यूट्रॉन गिळल्यावर जे केंद्र बनावे, तेच असे हाती आले, आणि त्याच्या भंगण्याचे प्रमाण मोजता आले. निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यांचे लक्ष्य थोरियमचे इंधन होते, तारे नव्हेत. पण ताऱ्यांचा हिशेब मांडणारेही याच आडवाटेने जातात.