गाव कोणतं तुमचं?

आमच्या सातपूरला कोणी खोकलं की निदान ठरलेलं असायचं, "एमआयडीसीचा धूर!" थोरल्या काकांचंही तेच झालं. चंद्रपूरकडचं गाव सोडून ते इथे कारखान्यात लागले आणि वर्षभरात रात्री खोकल्याची उबळ यायला लागली. छातीत शिट्टी वाजायची. काकू पाठ चोळत बसायच्या. डॉक्टर म्हणाले, ॲलर्जीचा दमा. स्टेरॉइडच्या गोळ्या घेतल्या की बरं वाटायचं, थांबवल्या की पुन्हा तेच. काका नोकरी सोडायच्या गोष्टी करायला लागले.

मग दुसऱ्या एका डॉक्टरांनी तपासायच्या आधीच विचारलं, "गाव कोणतं तुमचं?"

चंद्रपूर म्हणताच त्यांनी रक्त तपासायला सांगितलं. इओसिनोफिल नावाच्या पेशी एरवी पाचशेच्या आत असतात, काकांच्या चार हजारांवर निघाल्या. तो दमा नव्हताच. हत्तीरोगाचे जंतू होते! डासातून शिरलेल्या या कृमींची पिल्लं फुप्फुसात अडकतात, शरीर त्यांच्यावर तुटून पडतं आणि त्या लढाईचा खोकला होतो. पिल्लं तिथेच मारली जात असल्याने रक्तात बहुधा सापडतही नाहीत.

पुढे मी या आजाराचा इतिहास वाचला, तर तो चुकामुकीचाच निघाला. १९४० साली मदनपल्लीजवळच्या क्षयरोग्यांच्या आरोग्यधामातल्या फ्रिमोट-मोलर आणि बार्टन या डॉक्टरांनी, क्षयासारखा दिसणारा पण क्षय नसलेला आजार म्हणून याची नोंद केली. १९४३ साली वाइनगार्टन यांनी 'लॅन्सेट'मध्ये ८१ रुग्णांबद्दल लिहिलं आणि त्याला 'ट्रॉपिकल इओसिनोफिलिया' हे नाव दिलं. त्या काळी सिफिलिसवर देत ते आर्सेनिकचं औषध याला लागू पडायचं. का, ते कोणालाच ठाऊक नव्हतं. अखेर १९६० साली वेल्लोरच्या वेब, जॉब आणि गॉल्ट यांना रुग्णांच्या फुप्फुसातच हत्तीरोगाच्या कृमींची पिल्लं दिसली. म्हणजे वीस वर्षं रोग ओळखीचा होता, पण कारण नव्हतं.

औषध मात्र आधीच आलेलं होतं. डायइथाइलकार्बामाझिन, म्हणजे हेट्राझान. अमेरिकेत लेडर्ले कंपनीत आपले येल्लाप्रगडा सुब्बाराव संशोधनाचे प्रमुख असताना ते तयार झालं. काकांना त्याच गोळ्या तीन आठवडे दिल्या. दुसऱ्याच आठवड्यात काकू रात्रभर झोपल्या!

दमा म्हटलेला बहुतेक वेळा दमाच असतो, हे खरं. पण हा आजार बरीच वर्षं तसाच राहिला तर फुप्फुसं कायमची आकसतात आणि मग गोळ्यांचाही फारसा उपयोग होत नाही. सातपूरला कामासाठी विदर्भातून, बिहारमधून, उत्तर प्रदेशातून माणसं येतात. हत्तीरोग त्या भागांतलाच. माणूस गाव सोडतो, गाव त्याला सोडत नाही. कधी कधी अगदी छातीतसुद्धा.

असो. काका आता नाहीत. पण आमच्या घरात कोणी डॉक्टरकडे निघालं की काकू अजून सांगतात, "आधी आपलं गाव सांग हो त्यांना."