आपला नागरिक, परक्याचें न्यायासन

एखाद्या मनुष्यानें परदेशीं गुन्हा करून मायदेशीं पळून यावें आणि त्या परदेशानें त्याची मागणी करावी. अशा वेळीं मायदेशानें त्यास हवालीं करावें काय? मनाचा पहिला कौल नकाराचाच पडतो. आपलें माणूस परक्याच्या हातीं द्यावयाचें, या कल्पनेंतच कांहीं तरी अप्रशस्त वाटतें. युरोप खंडांतील बहुतेक राष्ट्रांनीं या भावनेस कायद्याचें रूप दिलें. कोणाहि जर्मनास परकीय सरकारच्या स्वाधीन करूं नये, असें कलमच जर्मनीच्या १९१९ च्या राज्यघटनेंत होतें. फ्रान्सनें १९२७ च्या कायद्यानें तीच वाट धरली.

परंतु या नकारामागें एक गोष्ट गृहीत असते. या राष्ट्रांचा दंडविधि नागरिकाच्या पाठोपाठ परदेशीं जातो, आणि तेथल्या गुन्ह्याचा झाडा त्यास घरीं द्यावा लागतो. इंग्लंडचें तसें नव्हतें. खुनासारखे मोजके अपवाद सोडले, तर इंग्रजी कायद्यास गुन्हा जेथें घडला तेथलाच. या दोन पद्धतींची गांठ पडली कीं काय होतें, हें १८७७ मध्यें दिसलें. स्वित्झर्लंडमध्यें चोरी केल्याचा आरोप असलेला विल्सन नांवाचा इंग्रज लंडनच्या न्यायालयापुढें आला. स्विस तहांत उभय देशांनीं आपापली प्रजा वगळली होती; म्हणून त्यास पाठवितां येईना, आणि चोरी परदेशची, म्हणून त्याची चौकशी घरींहि होईना. त्यास सोडून देणें भाग पडलें. मुख्य न्यायाधीश कॉकबर्न यांस ही गोष्ट मनस्वी खटकली. पुढें त्यांच्याच अध्यक्षतेखालीं बसलेल्या राजनियुक्त मंडळानें १८७८ सालीं, केवळ स्वकीय म्हणून आरोपी रोखून धरूं नये, अशी शिफारस केली.

अमेरिकेंतील चार्लटन प्रकरण याहून बोधक आहे. १९१० च्या जून महिन्यांत इटलींतील कोमो सरोवरांत एका पेटींत अमेरिकन स्त्रीचें प्रेत सांपडलें. तिचा तरुण नवरा पोर्टर चार्लटन अमेरिकेच्या किनाऱ्यास उतरतांच पकडला गेला, आणि त्यानें कबुलीहि दिली. इटलीनें त्यास मागितलें. पण इटली स्वतःच्या नागरिकांस अमेरिकेच्या हवालीं करीत नसे! मग आपण कां करावें, असा बचाव होता. हा बचाव आम्हांस वरकरणी बिनतोड वाटतो. सर्वोच्च न्यायालयानें तो १९१३ सालीं फेटाळला. तहांत ‘व्यक्ति’ असा शब्द आहे, आणि नागरिक ही व्यक्तिच. दुसऱ्या पक्षानें तह मोडला तरी तो पाळावयाचा कीं सोडावयाचा, हें सरकारनें ठरवावें, असा निर्णय झाला. चार्लटन इटलीस गेला. पुढें १९३६ मध्यें त्याच न्यायालयानें फ्रान्सनें मागितलेल्या अमेरिकनांस मात्र पाठवूं दिलें नाहीं. कारण त्या तहांत नागरिक देण्याचें बंधन नव्हतें, आणि तहावांचून किंवा कायद्यावांचून राष्ट्राध्यक्षास मनुष्य परक्याच्या हातीं देण्याचा अधिकारच नाहीं.

हें शेवटचें तत्त्व आम्हांस मोलाचें वाटतें. महाराष्ट्रीय वाचकांस येथें मार्सेय आठवेल. तें प्रकरण नागरिकाच्या प्रत्यर्पणाचें नव्हे, हें खरें. पण ८ जुलै १९१० रोजीं जहाजांतून उडी टाकून फ्रान्सच्या भूमीवर पोहोंचलेल्या सावरकरांस तेथल्या शिपायानें कोणत्याहि न्यायालयास न विचारतां इंग्रजांच्या हातीं दिलें. हेगच्या लवादानें २४ फेब्रुवारी १९११ रोजीं ती रीत अनियमित मानली, तथापि त्यांस परत करण्याचें बंधन इंग्लंडवर नाहीं, असेंहि ठरविलें. खरें भय परक्याच्या न्यायासनाचें नसून, आपल्या दारांतून जातांना मध्यें न्यायाधीशच नसण्याचें आहे.

भारताची स्थिति या दृष्टीनें बरी म्हणावी लागेल. १८६० च्या दंडसंहितेनें परदेशीं गुन्हा करणाऱ्यासहि आपल्या कक्षेंत घेतलें होतें. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या न्यायसंहितेंतहि ती तरतूद आहे. म्हणजे विल्सनसारखी पळवाट येथें नाहीं. १९६२ च्या प्रत्यर्पण कायद्यान्वयें मागणी प्रथम मॅजिस्ट्रेटपुढें चौकशीस जाते, आणि राजकीय गुन्ह्यासाठीं कोणासहि देतां येत नाहीं. तहांत मात्र एकवाक्यता नाहीं. अमेरिकेशीं १९९७ मध्यें केलेल्या तहाप्रमाणें नागरिकत्व ही नकाराची सबब होऊं शकत नाहीं. संयुक्त अरब अमिरातीशीं १९९९ मध्यें केलेल्या तहांत आपापले नागरिक वगळले आहेत. आमचा कल पहिल्या पद्धतीकडे आहे. साक्षीपुरावा जेथें, तेथें खटला व्हावा.

पण जर्मनीचा अनुभव या मतास थोडा लगाम घालतो. तेथें २००० सालीं घटना बदलून युरोपीय संघांतील राष्ट्रांस नागरिक देण्याची मुभा झाली, आणि त्याप्रमाणें कायदाहि आला. १८ जुलै २००५ रोजीं घटना-न्यायालयानें तो कायदा रद्द ठरविला. देण्यास हरकत नव्हती. परंतु आरोपित कृत्याचा मोठा भाग जर्मनींतच घडला असेल, तर नागरिकाचें रक्षण कसें करावयाचें, याचा विचार कायद्यांत पुरेसा नव्हता. स्पेननें मागितलेला आरोपी सुटला, आणि संसदेस २००६ मध्यें तो कायदा नव्यानें लिहावा लागला.