तारेची खुंटी

आमच्या घरी एक एकतारी आहे. माझ्या आजोबांची. मॉरिशसच्या ब्लॅक रिव्हर जिल्ह्यातल्या साखरमळ्यावर दिवसभर ऊस तोडून आल्यावर एकादशीच्या रात्री ते ती घेऊन बसत. भोपळा, बांबूची दांडी, एक तार आणि एक लाकडी खुंटी. खुंटी त्यांनी पेरूच्या फांदीची स्वतः कोरली होती. दांडीला भोक पाडायला गिरमीट नव्हते, म्हणून लोखंडी सळई तापवून भोक जाळले होते. ते भोक आतून काळे होते आणि लहानपणी आम्ही त्यात बोट घालून बघत असू.

अमेरिकेत आल्यावर तार सैल पडू लागली, म्हणून मी एकतारी एका दुकानात दुरुस्तीला दिली. परत आली ती गिटारची पितळी किल्ली बसवून. आवाज चांगला लागला होता. जुनी खुंटी कुठे आहे असे विचारले, तर कचऱ्यात गेली म्हणाले. मी पैसे दिले आणि घरी आले. कोणाशी भांडणार? त्यांच्या लेखी ते झिजलेले लाकूड होते. पण त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि खुंटी म्हणजे नेमके काय असते याचा शोध मी त्यानंतर घेऊ लागले.

खुंटीत स्क्रू नसतो, दाते नसतात. निमुळते लाकूड निमुळत्या भोकात बसते आणि केवळ घर्षणाने तारेचा ताण धरून ठेवते. व्हायोलिनच्या खुंटीचा उतार साधारणपणे 30 मिलीमीटर लांबीला 1 मिलीमीटर असतो. भोकालाही तोच उतार लागतो. दोन्हींत किंचित फरक पडला, तर खुंटी एकाच बाजूने टेकते आणि सुटते. जुने कारागीर खुंटी भोकात फिरवून बाहेर काढतात आणि कुठे चकाकी आली ते पाहतात. चकाकलेला भाग तेवढाच घासायचा, पुन्हा बसवायची, पुन्हा पाहायची. दोन्ही टेकण्यांवर सारखी चकाकी आली की खुंटी बसली. लाकूड घट्ट आणि पुरते वाळलेले हवे. युरोपात आबनूस, शिसम आणि बॉक्सवूड वापरतात, आपल्याकडे बहुधा शिसम.

तरीही लाकूड हवामानाचे ऐकते. ते लांबीत फारसे आटत नाही, आडवे आटते, आणि आडवेही सगळीकडे सारखे नाही. म्हणून वर्षानुवर्षांनी गोल खुंटी किंचित लंबगोल होते. माझ्या शाळेत जानेवारीत हीटरच्या कोरड्या हवेत मुलांच्या व्हायोलिनच्या खुंट्या सटासट सुटतात आणि जुलैत त्याच खुंट्या जाम होतात. त्यावर जुना उपाय म्हणजे साबण आणि खडू. साबणाने खुंटी सहज फिरते, खडूने धरते. पस्तीस वर्षे मी खडू हातात घेऊन उभी आहे, पण त्याचा हा उपयोग मला ठाऊक नव्हता.

आपल्या महाराष्ट्रात या कामाचे माहेर मिरज. 19व्या शतकाच्या मध्यास तिथले शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे कारागीर, सतारी आणि तंबोरे करू लागले. त्यांत फरीदसाहेब सतारमेकर यांचे नाव पहिले घेतले जाते. तलवारींची मागणी संपली आणि तेच हात वाद्यांकडे वळले. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने येतात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले. तंबोऱ्याच्या खुंट्या फक्त चार, पण तार सुरात आणायला त्याच लागतात. उरलेला बारीक फरक घोडीच्या खालचे मणी सरकवून काढतात. सतारीत खुंट्या पुष्कळ असतात आणि चिकारीच्या तारांच्या खुंट्या थेट दांडीतच, मधल्या उंचीवर ठोकलेल्या असतात.

ही मधली खुंटी मला दुसरीकडेही भेटली, आणि ती भेट मी विसरू शकत नाही. व्हर्जिनियातल्या विल्यम्सबर्गच्या लोककला संग्रहालयात ‘द ओल्ड प्लांटेशन’ नावाचे जलरंगातले चित्र आहे. सुमारे 1785 ते 1790 च्या दरम्यानचे. साउथ कॅरोलिनातल्या जॉन रोझ नावाच्या मळेमालकाने ते काढले असे आता मानतात. मळ्यावरचे गुलाम नाचत आहेत आणि एकजण भोपळ्याचे वाद्य वाजवतो आहे. तोच बँजोचा पूर्वज. त्याला तीन लांब तारा आणि एक आखूड, आणि आखूड तारेची खुंटी मानेच्या बाजूला, मध्येच. चिकारी आणि ही तार यांचे नाते आहे असे मी म्हणत नाही. पण भोपळा पाहिला, लाकडाची खुंटी पाहिली आणि मला आजोबांचा हात दिसला.

असेच वाद्य सुरिनाममध्ये 1770च्या दशकात स्टेडमन नावाच्या सैनिकाने मिळवले. जगातला सर्वांत जुना टिकून राहिलेला बँजो म्हणून ते आज हॉलंडमध्ये लायडनच्या संग्रहालयात आहे. त्याच सुरिनाममध्ये 1863 ला गुलामगिरी उठली, पुढे दहा वर्षे सरकारी देखरेखीखाली त्याच माणसांकडून सक्तीची मजुरी चालली, आणि 5 जून 1873 ला ‘लल्ला रूख’ जहाजातून पहिले हिंदुस्थानी गिरमिटिये उतरले. मॉरिशसमध्येही आपले लोक आले ते गुलामांची जागा घ्यायलाच, 1834 पासून. ज्यांच्या जागी ते आले, त्यांच्याकडेही भोपळा आणि खुंटी होतीच.

स्टेडमनच्या वाद्यावर स्टेडमनचे नाव लागले. ज्याने खुंट्या कोरल्या, त्याचे नाव कुणी लिहिले नाही. पुढे 1840च्या दशकात बाल्टिमोरमध्ये विल्यम बाउचर दुकानात बँजो करून विकू लागला, आणि त्याचे नाव मात्र इतिहासात राहिले. आपलेही तसेच. मोकाच्या महात्मा गांधी संस्थेत आपल्या पूर्वजांची नोंद-पुस्तके आहेत. त्यांत नंबर, गाव, उंची, अंगावरची खूण, जहाज हे सारे आहे. कुणाला खुंटी कोरता येते, भजन म्हणता येते, हा रकाना त्यांत नाही.

यांत्रिक खुंट्यांना मी नावे ठेवत नाही. माझ्या वर्गातल्या आठ वर्षांच्या मुलीला व्हायोलिन सुरात लावताना रडू येत असेल, तर तिला दात्यांची खुंटीच द्यावी. पण आजोबांच्या एकतारीवर पितळ मला बघवेना. गेल्या हिवाळ्यात मी एका लाकूडकामाच्या सायंवर्गाला गेले. तिथल्या गुरुजींनी मॅपलचे वाळलेले लाकूड दिले आणि निमुळते तासायचे हत्यार दाखवले. दिसायला ते मोठ्या पेन्सिल-शार्पनरसारखेच! पहिल्या तीन खुंट्या वाया गेल्या. चौथीचा उतार जमला, पण भोक आजोबांचे, जाळलेले, वेडेवाकडे. गुरुजी म्हणाले, रीमर फिरवून भोक सरळ करून घ्या. मी नको म्हटले. भोकाप्रमाणे खुंटी घासत बसले. दोन शनिवार गेले.

आता ती बसली आहे. फेब्रुवारीत सुटते. तेव्हा मी शाळेच्या पिशवीतला खडू काढते, खुंटीला चोळते आणि पुन्हा पिळते.