माइल्सचं कूळ कलकत्त्याचं

विमानाच्या माइल्सचा जन्म अमेरिकेत झाला हे खरं आहे. 1979 मध्ये टेक्सास इंटरनॅशनल या विमान कंपनीने प्रवाशाचे मैल मोजून बक्षीस द्यायला सुरुवात केली, 1 मे 1981 रोजी अमेरिकन एअरलाइन्सने तेच मोठ्या प्रमाणावर केलं आणि पाठोपाठ युनायटेड आली. पण कूळ तिथलं नाही. ते कलकत्त्याच्या बोटींचं आहे, असं माझं ठाम मत आहे.

आम्ही मुरुडची माणसं. आमचे आजे-पणजे हर्णै बंदरातून बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशनच्या आगबोटीने मुंबईला जात. ही कंपनी पुढे सिंदिया या बोट कंपनीकडे गेली. म्हणून सिंदियाचा इतिहास वाचायला घेतला आणि त्यात ‘डिफर्ड रिबेट’, म्हणजे भाड्यातली उशिरा परत मिळणारी सूट, भेटला.

ब्रिटन ते कलकत्ता मार्गावरच्या बोट कंपन्यांनी 1875 मध्ये भाडी ठरवण्यासाठी एकजूट केली. दोनच वर्षांनी त्यांनी मँचेस्टरच्या कापड-व्यापाऱ्यांपुढे अट ठेवली: सगळा माल आमच्याच बोटींनी पाठवा, भाड्यातला काही हिस्सा परत मिळेल. पण तो लगेच मिळणार नाही. पुढे रूढ झालेल्या पद्धतीत साधारण दहा टक्के रक्कम सहा महिने साठायची आणि हातात पडायला आणखी सहा महिने लागायचे. तेवढ्यात एक गठ्ठा जरी परक्या बोटीत चढला, तरी साठलेलं सगळं बुडालं! गिऱ्हाइकाचेच पैसे अडकवून त्याला बांधून ठेवायची ही युक्ती आणि आजचे माइल्स यांचा सांगाडा एकच आहे.

यावर दुसरा पक्ष म्हणतो, माइल्स आले ते अमेरिकेतल्या साबणाच्या कुपनांतून आणि खरेदीवर मिळणाऱ्या, 1896 पासूनच्या ‘ग्रीन स्टॅम्प्स’मधून. मला हे पटत नाही. ते स्टॅम्प अनेक दुकानांत मिळत आणि त्यांच्यावर इस्त्री नाहीतर भांडी मिळत. माइल्सवर मुख्यतः मिळते ती विमानातलीच जागा. कोणी तुतिकोरिनचा दाखला देतील: चिदंबरम पिळ्ळै यांच्या स्वदेशी बोट कंपनीला बुडवण्यासाठी ब्रिटिश कंपनीने फुकट प्रवास आणि वर छत्री देऊ केली होती. पण छत्री घेऊन माणूस उद्या दुसऱ्या बोटीत बसायला मोकळाच. रिबेट आणि माइल्समध्ये तर मोकळं राहणंच महाग पडतं.

अमेरिकेने 1916 च्या शिपिंग कायद्याने बोटींवरची रिबेटची पद्धत बंद केली. आपल्याकडे सोलापूरच्या वालचंद हिराचंदांची सिंदिया कंपनी तिच्याशी झगडली. त्या कंपनीची पहिली बोट 5 एप्रिल 1919 रोजी मुंबईहून लंडनला निघाली, तिचं नाव ‘लॉयल्टी’. कंपनीतलेच साराभाई हाजी यांनी रिबेटविरुद्ध मध्यवर्ती कायदेमंडळात विधेयकही आणलं. विमानवाल्यांनी कलकत्त्याची कागदपत्रं पाहिली असतील असं मी म्हणत नाही. पण 1978 मध्ये अमेरिकेत विमानभाडी मोकळी झाली आणि गिऱ्हाईक टिकवायची तीच अडचण पुन्हा उभी राहिली, तेव्हा तोच उपाय सुचला.

एक फरक मात्र मोठा आहे. रिबेट भाडं भरणाऱ्याला मिळे. माइल्स मिळतात प्रवाशाला, तिकिटाचे पैसे कचेरीने भरले तरी. म्हणून बक्षीसही चैनीचं लागलं, आणि पहिल्या यादीतच पहिल्या वर्गाचं तिकीट होतं. पुढच्या केबिनमधली रिकामी खुर्ची तशीही उडणारच. ती देऊन टाकण्यात कंपनीचं जेवणापलीकडे फारसं जात नाही. रोख पैशांत बिझनेस क्लास साध्या तिकिटाच्या कितीतरी पट, माइल्समध्ये मात्र पुष्कळदा दुपटी-तिपटीच्या आसपास. खरा फायदा तिथेच आहे.

आमच्या भागातली पुष्कळ मुलं आता परदेशात आहेत. त्यांना माझं सांगणं: माइल्सवर व्याज चढत नाही, उलट कंपनी दर वाढवते आणि बऱ्याच कंपन्यांत मुदत संपली की ते जातात. एअर इंडिया 2014 पासून स्टार अलायन्समध्ये आहे, त्यामुळे तिचे माइल्स लुफ्थान्सा किंवा सिंगापूर एअरलाइन्सवरही चालतात. ते साठवत बसू नका. तारखा लवकर बघा आणि आईवडिलांसाठी झोपून जाता येईल अशी जागा काढा.