धरणीकंपाची लाट : कोयनेपासून मुळशीपर्यंत

मुळशी पेट्याची भूमि म्हणजे मावळची भूमि. डोंगरउतारावर विहीर खणूं लागलें कीं थोड्याच खोलीवर काळा पाषाण लागावयाचा, आणि मग सुरुंगावांचून पुढें जातां यावयाचें नाहीं. अशा भूमीवर राहणारांस धरणीकंपाचें भय वाटूं नये, हें स्वाभाविकच होतें. सह्याद्रि अचल आहे, धरणीकंप व्हावयाचे ते हिमालयाच्या पायथ्याशीं, आसामांत, बिहारांत किंवा कच्छांत, अशी शिकल्यासवरल्या लोकांचीही समजूत होती. ती अगदींच निराधार नव्हती. कच्छचा १८१९ चा, आसामचा १८९७ चा आणि बिहारचा १९३४ चा असे मोठे धरणीकंप त्याच बाजूंचे होते. परंतु ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनीं ही समजूत कायमची मोडली.

त्या क्षणीं कोयना धरणाच्या परिसरांत, मुळशीच्या दक्षिणेस सुमारें सव्वाशें किलोमीटरांवर, भूगर्भांतील खडक एका जुन्या भेगेवर एकाएकीं सरकला. कोयनानगरांतील बहुतेक घरें पडलीं किंवा मोडकळीस आलीं. सुमारें १८० माणसें मृत्युमुखीं पडलीं. धक्का पुण्यास पोंचला, मुंबईस पोंचला, गोव्याकडेही गेला. पण ‘धक्का पोंचला’ म्हणजे नेमकें काय पोंचलें? कोयनेचा दगड कांहीं पुण्यास आला नाहीं. तो आपल्या जागीं क्षणभर हालला, त्यानें शेजारच्या दगडास हालविलें, त्यानें पुढच्यास. तळ्यांत खडा टाकला असतां पाणी जागच्या जागीं खालीं-वर होतें आणि लाट मात्र कांठापर्यंत जाते, तसाच हा प्रकार. धरणीकंप म्हणजे भूमींतून जाणारी लाट, ही कल्पना जॉन मिचेल ह्या इंग्रज विद्वानानें १७६० सालींच मांडली होती. लिस्बन शहराचा १७५५ सालीं झालेला संहार तेव्हां यूरोपांत ताजा होता.

ह्या लाटा एकाच जातीच्या नसतात, ह्याचा चांगला पुरावा हिंदुस्थानच्या भूमीनेंच दिला. १८९७ च्या आसामच्या धरणीकंपाची पाहणी भूगर्भखात्यांतील अधिकारी रिचर्ड ओल्डहॅम यांनीं केली. त्या धक्क्याच्या रेषा दूर यूरोपांतील यंत्रांवरही उमटल्या होत्या. त्या तपासतांना एकाच धक्क्याचे तीन निरनिराळे भाग एकामागून एक येऊन पोंचलेले त्यांस दिसले. पहिली लाट ढकलण्याची. स्टेशनांत इंजिन डब्यांस येऊन भिडलें म्हणजे तो धक्का डब्याडब्यांतून शेवटपर्यंत जातो, तशी ही खडकास दाबीत व सैल करीत पुढें जाते. दुसरी आडव्या हेलकाव्याची. वाळत घालण्याची दोरी एका टोकास झटकली कीं वळसा दुसऱ्या टोकाकडे धांवतो, पण दोरीचा प्रत्येक भाग हालतो तो आडवाच. तिसऱ्या लाटा भूपृष्ठालगत सावकाश चालतात. त्या फार दूर जातात आणि पुष्कळ वेळ टिकतात.

कठीण खडकांत पहिली लाट सेकंदास सुमारें ६ किलोमीटर चालते, दुसरी सुमारें साडेतीन. हा हिशेब मुळशीस लावून पाहण्यासारखा आहे. कोयनेचा खडक सरकल्यानंतर सुमारें २१ सेकंदांनीं पहिली लाट मुळशीच्या खोऱ्यांत शिरली असली पाहिजे. ती पायाखालून वर येते. भांडीं किणकिणतात, एखादा निजलेला मनुष्य कूस बदलतो, आणि बहुतेकांस कांहींच कळत नाहीं. दुसरी लाट पोंचावयास सुमारें ३६ सेकंद लागले असावेत. मधले १५ सेकंद हेंच अंतराचें माप. ह्या दोन लाटांमधील दर सेकंदास सुमारें ८ किलोमीटर धरले कीं धक्क्याचें उगमस्थान किती दूर, तें निघतें. धरणीकंपापूर्वीं कुत्रीं रडतात असें म्हणतात. त्यांस भविष्य कळतें असें मानण्यापेक्षां माणसास न जाणवणारी पहिली लाट त्यांस जाणवते, असें मानणें अधिक सरळ दिसतें.

मुळशीस आणखी एक गंमत आहे. आडवी लाट पाण्यांतून जाऊं शकत नाहीं, कारण पाण्यास आडवा ताण धरून ठेवतां येत नाहीं. तेव्हां मुळशीच्या जलाशयावर त्या पहाटे एखादी होडी असती तर तिला खालून ढकलणारी लाट थेट मिळाली असती. हेलकाव्याची लाट मात्र तळाशीं व कांठाशीं अडली असती.

घरें पाडते ती मुख्यत्वें ही आडवी लाटच. भिंत बांधणारा गवंडी जन्मभर एकाच शत्रूशीं लढतो, तो म्हणजे वरून खालीं येणारें वजन. भिंत तेवढ्यासाठींच जाड केलेली असते. तिला कोणी कुशीला धरून गदगदा हालविलें तर काय, हा विचार तींत नसतो. कोयनेचें धरणही ह्यांतून सुटलें नाहीं. १०३ मीटर उंचीच्या त्या धरणांत बसविलेल्या यंत्रानें आडव्या हिसक्याचा वेग कसा वाढला तें टिपलें. तो गुरुत्वाकर्षणाच्या तीनपंचमांशाहून अधिक होता. धरण उभें राहिलें, पण त्याचा मागचा उतार जेथें एकदम बदलतो त्या मानेपाशीं दोन्ही अंगांस आडव्या भेगा पडल्या, आणि पुढें त्यास मागून काँक्रीटचे धिरे द्यावे लागले.

किल्लारीचें उदाहरण ह्याहून कठोर आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनीं गणपतीचें विसर्जन करून निजलेल्या गांवांवर धक्का आला. तो कोयनेच्याच तोडीचा, किंबहुना किंचित् लहान. पण बळी गेले दहा हजारांच्या घरांत. तेथील घरें दगड-मातीच्या जाड भिंतींचीं व वर मातीचें जड माळवद असलेलीं. उन्हाळ्यांत थंडावा देणारें तेंच माळवद भिंती फांकतांच निजलेल्यांवर आलें.

मग काळ्या पाषाणाचें काय? कोयनेजवळ रासाटी येथें शास्त्रज्ञांनीं खोल छिद्र पाडलें, तेव्हां हा पाषाण सुमारें ९३३ मीटरांवर संपला आणि खालीं फार पुरातन ग्रॅनाइटचा खडक लागला. म्हणजे सह्याद्रीचा पाषाण ही वरची चादर. भेगा आहेत त्या तिच्या खालींही. कोयनेच्या जलाशयांत १९६२ च्या सुमारास पाणी सांठूं लागल्यावर लहान धक्के सुरू झाले, आणि जलाशयाचा भार व झिरपणारें पाणी ह्यांनीं अगोदरच ताणलेल्या भेगा सुटल्या, हें मत आज बहुतेक शास्त्रज्ञांस मान्य आहे. मुळशीचें धरण त्याहून कितीतरी जुनें. त्याच्यासाठीं जमिनी जाणार म्हणून १९२१ सालीं सेनापति बापट व मावळे सत्याग्रहास उभे राहिले होते. तेथें कोयनेसारखा विध्वंसक धरणीकंप झालेला नाहीं. पाणी असलें कीं धक्का येतोच, असें नव्हें. खालीं भेग ताणलेली असावी लागते.

परंतु लाट येण्यास भेग जवळच असली पाहिजे असें नाहीं. कठीण खडकांतून ती फारशी न थकतां दूरवर जाते, आणि मऊ मातींत शिरली कीं तिचा वेग कमी होऊन हेलकावा वाढतो. मुळशीच्या खोऱ्यांत दोन्ही प्रकारची भूमि आहे: डोंगराच्या उतारावरील उघडा पाषाण आणि खालीं भातखाचरांची भिजलेली माती. गेल्या कांहीं दशकांत तेथें पुणेंकरांचीं घरें चढत आहेत, कांहीं खडकावर, कांहीं डोंगर कापून टाकलेल्या भरावावर. एकाच गांवांतील ह्या दोन घरांस एकच लाट सारखी लागणार नाहीं. आणि घर घेतांना दरवाजा कोणत्या दिशेस आहे हें विचारणारे पुष्कळ असतात, पाया कशावर आहे हें विचारणारे थोडे.