मुंबई उपनगरांतील शाहीर व लोकगीतकार

ग्रामीण महाराष्ट्रातून येऊन मुंबईच्या उपनगरांत स्थिरावलेल्या कष्टकरी समाजाची गीते रचणाऱ्या व गाणाऱ्या कवी-गायकांची परंपरा. पोवाडा, लावणी, छक्कड, गण, भारूड, कव्वाली, भीमगीत व कोळीगीत हे तिचे प्रमुख रचनाप्रकार होत. या परंपरेत पुष्कळदा गीतकार हाच गायकही असतो. परंतु गीत एकदा लोकप्रिय झाले, की ते अनेकांच्या तोंडी जाते आणि रचनाकार मागे पडतो. अशा वेळी गीताचा कर्ता कोण, हे बहुधा अखेरच्या कडव्यातील नाममुद्रेवरूनच ओळखता येते. तुकोबांच्या अभंगात किंवा होनाजी बाळाच्या लावणीत जी मुद्रा आढळते, तीच विसाव्या शतकात घाटकोपर-मुलुंडच्या वस्त्यांत रचलेल्या गीतांतही टिकून राहिली. ती केवळ रूढी म्हणून टिकली, असे म्हणता येत नाही. छापखाना व ध्वनिमुद्रण कंपन्या ज्यांच्यापासून दूर होत्या, अशा कवींना आपल्या रचनेवर हक्क सांगण्याचा तेवढाच एक मार्ग उपलब्ध होता.

उपनगरांचा मूळ गाता समाज मात्र मुद्रा न वापरणारा आहे. वेसावे, मढ, मनोरी, गोराई येथील कोळी, तसेच आगरी व ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजांची गीते सामूहिक आहेत. आगरी-कोळी लग्नांत धवलारीण धवले गाते. ईस्ट इंडियन लग्नांत उंबराचे पाणी आणण्याच्या विधीत घुमटाच्या साथीवर गाणी होतात. ती कोणी रचली, हा प्रश्न तेथे कोणी विचारीत नाही, कारण गाणे विधीचे असते, व्यक्तीचे नसते. पुढे ही गाणी ध्वनिफितींवर आली, तेव्हा या अनामिकतेचा अर्थ बदलला. वेसाव्याचे काशीराम चिंचय यांनी नावारूपास आणलेल्या ‘वेसावकर आणि मंडळी’ या पथकाने कोळीगीत महाराष्ट्रभर नेले. पण त्याच काळात बाजारात आलेल्या अनेक फितींवर रचनाकाराच्या जागी ‘पारंपरिक’ एवढाच शब्द छापलेला असे. ज्या गीताला मुद्रा नाही, ते कोणाचेही होऊ शकते.

शाहिरी परंपरा उपनगरांत आली ती स्थलांतरितांबरोबर. सातारा, सांगली, सोलापूर, नाशिक या जिल्ह्यांतून माणसे प्रथम गिरणगावात आली. तेथे जागा अपुरी पडू लागली, तसतशी ती रेल्वेमार्गांच्या कडेने उत्तरेकडे सरकली. १९५० मध्ये बृहन्मुंबईची हद्द वाढविण्यात आली आणि १९५७ मध्ये ती पश्चिमेस दहिसर व पूर्वेस मुलुंडपर्यंत गेली. १९७२ च्या दुष्काळानंतर मराठवाड्यातून फार मोठा लोंढा आला. या लोकांनी डफ, तुणतुणे, ढोलकी व हलगी गावाहून आणली. पेटी व क्लॅरिनेट त्यांना शहरात मिळाली. सत्यशोधक जलशांनी तमाशाचे रूप समाजप्रबोधनासाठी वापरण्याचा पायंडा आधीच पाडला होता. नाशिक जिल्ह्यातील भीमराव कर्डक यांनी त्याला आंबेडकरी जलशाचे रूप दिले. या जलशांविषयीचा त्यांचा ग्रंथ १९७८ मध्ये प्रसिद्ध झाला.

या परंपरेतील सर्वांत थोर कवी अण्णाभाऊ साठे (१९२०–६९) हे होत. त्यांचे मूळ नाव तुकाराम. जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी वाटेगाव (आता जि. सांगली) येथे, मातंग कुटुंबात. शालेय शिक्षण जवळजवळ नाहीच. १९३० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत ते कुटुंबासह पायी मुंबईस आले, मिळेल ती अंगमेहनतीची कामे केली, गिरणीत काम केले आणि कम्युनिस्ट चळवळीत ओढले गेले. ‘स्टालिनग्राडचा पवाडा’ (१९४३) या रचनेने त्यांचे नाव झाले. १९४४ मध्ये अमर शेख व द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक स्थापन केले. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने पथकाच्या कार्यक्रमांवर बंदी घातली; तमाशावरही निर्बंध आले. तेव्हा अण्णाभाऊंनी तमाशाचे रूप पालटून त्याला लोकनाट्य म्हणून उभे केले. पारंपरिक गणातील गणेशस्तवनाच्या जागी त्यांनी मातृभूमी व श्रमिक यांना वंदन घातले आणि गौळण वगळली. ‘अकलेची गोष्ट’, ‘देशभक्त घोटाळे’ इ. लोकनाट्ये या पद्धतीची आहेत.

अण्णाभाऊ दीर्घकाळ घाटकोपरच्या चिरागनगर वस्तीतील झोपडीत राहिले. ‘फकिरा’ (१९५९) या कादंबरीस राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला (१९६१) आणि त्याच वर्षी त्यांनी रशियाचा प्रवास केला, तेव्हाही त्यांचा पत्ता हाच होता. आयुष्याच्या अखेरीस ते गोरेगावच्या सिद्धार्थनगरात राहावयास गेले आणि १८ जुलै १९६९ रोजी तेथेच निधन पावले. समीक्षकांनी त्यांच्या कादंबऱ्यांची दखल उशिरा का होईना घेतली. गीतांना मात्र ‘प्रचारगीते’ म्हणून बाजूस ठेवले. हा निवाडा रचनेकडे न पाहता दिलेला आहे.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे ‘माझी मैना गावावर राहिली’ ही संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातील छक्कड. तिचा पूर्वार्ध निव्वळ विरहाचा आहे : पोटासाठी मुंबईस निघालेला नवरा आणि गावी मागे राहिलेली बायको. पुढे मुंबईतील विषमतेचे चित्र येते आणि ऐकणाऱ्याच्या लक्षात येण्यापूर्वीच मैनेचा अर्थ बदलून बेळगाव, कारवार, निपाणी हा महाराष्ट्राबाहेर राहिलेला मुलूख म्हणजे मैना ठरतो. अखेरच्या भागात कवीचे नाव येते आणि त्याला लागूनच रावणाच्या लंकेचा दृष्टान्त देऊन त्या काळातील सत्ताधाऱ्यांवर प्रहार केला जातो. राजकीय मागणी घरच्या दुःखातून उगवते, ती वरून चिकटविलेली नाही. म्हणूनच ज्याला भाषिक प्रांतरचनेशी कर्तव्य नव्हते, असा गिरणी कामगारही हे गीत आपले मानून गात असे. पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५) यांनी मुंबईच्या वैभवावर लावणी रचली होती. अण्णाभाऊंनीही ‘मुंबईची लावणी’ लिहिली. तिच्यात मलबार हिलबरोबर त्याच्या सावलीतील दारिद्र्यही येते. एकाच नगराच्या या दोन लावण्या जोडीने वाचण्यासारख्या आहेत.

‘माझी मैना’ सभांमधून गाजली ती अमर शेख यांच्या पहाडी आवाजात. अमर शेख (मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल, १९१६–६९) हे बार्शीचे. ते स्वतः समर्थ कवी होते. ‘कलश’ व ‘धरतीमाता’ हे त्यांचे काव्यसंग्रह होत. अण्णाभाऊंच्या पाठोपाठ, २९ ऑगस्ट १९६९ रोजी, त्यांचे अपघाती निधन झाले. लिहिणारा एक आणि गाणारा दुसरा अशी फारकत येथे झाली होती. परंतु हजारोंच्या सभेत गायक जेव्हा अखेरच्या भागाशी येई, तेव्हा त्याला कवीचे नाव घ्यावेच लागे.

मुद्रेचा सर्वांत सातत्याने वापर वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांनी केला. सिन्नर तालुक्यातील देशवंडी येथे जन्मलेल्या वामनदादांना अक्षरओळख झाली ती मोठेपणी, मुंबईत मजुरी करीत असताना. १९४३ मध्ये त्यांनी पहिले गीत रचले आणि त्यानंतर सहा दशके ते गावोगाव व वस्तोवस्ती गात हिंडले. ‘वाटचाल’ (१९७३), ‘मोहळ’ (१९७६) हे त्यांचे गीतसंग्रह. पण त्यांच्या गीतांचा खरा प्रसार झाला तो १४ एप्रिलच्या जयंतीत, बुद्धपौर्णिमेच्या कार्यक्रमांत आणि चैत्यभूमी व दीक्षाभूमी येथे विकल्या जाणाऱ्या स्वस्त पुस्तिकांतून. गायक मंडळी ही गीते वहीत उतरवून घेत आणि आपापल्या चालीवर बसवीत. चाल बदले, एखादी ओळ बदले. ‘वामन’ हे नाव मात्र राही. घाटकोपर किंवा मुलुंडच्या वस्तीतील अक्षरशत्रू श्रोताही त्या नावावरून गीत ओळखू शके.

या संदर्भात अमेरिकेतील कंट्री संगीताशी तुलना उद्‌बोधक ठरते. तेही डोंगराळ व ग्रामीण भागांतून कारखान्यांकडे आलेल्या गरीब समाजाचे गाणे आहे आणि त्याचाही गाभा घर सोडण्याचे दुःख हाच आहे. फरक पडला तो ध्वनिमुद्रणामुळे. जुलै-ऑगस्ट १९२७ मध्ये रॅल्फ पीअर या निर्मात्याने टेनेसी व व्हर्जिनिया राज्यांच्या सीमेवरील ब्रिस्टल गावी व्हिक्टर कंपनीसाठी स्थानिक गायकांचे ध्वनिमुद्रण केले. कार्टर कुटुंब व जिमी रॉजर्स हे दोघेही तेथेच प्रथम पुढे आले. पीअरने गीतांचे प्रकाशनहक्क आपल्याकडे घेऊन रचनाकारास त्यातील वाटा देण्याची पद्धत रूढ केली. नॅशव्हिलमध्ये १९४२ साली स्थापन झालेल्या एकफ-रोझ या प्रकाशनसंस्थेमुळे हँक विल्यम्स (१९२३–५३) हा अवघ्या एकोणतीस वर्षांचा होऊन मेला, तरी गीतकार म्हणून त्याचे नाव व उत्पन्न सुरक्षित राहिले. ही व्यवस्था निर्दोष नव्हती. ए. पी. कार्टर डोंगराळ वस्त्यांतून लोकांची गाणी गोळा करी व ती स्वतःच्या नावे नोंदली जात. चाली लक्षात ठेवून त्याला मदत करणारा कृष्णवर्णीय गिटारवादक लेस्ली रिडल दीर्घकाळ अज्ञातच राहिला. तथापि तेथे नोंद झाली, ती योग्य की अयोग्य यावर वाद घालता आला. आपल्याकडे पुष्कळदा नोंदच झाली नाही.

ध्वनिफितींच्या युगात ही उणीव अधिक जाणवू लागली. प्रल्हाद शिंदे (१९३३–२००४) कव्वालीच्या पथकांतून पुढे आले आणि भीमगीत व विठ्ठलगीत या दोन्ही प्रांतांत त्यांनी अफाट लोकप्रियता मिळविली. ‘पाऊले चालती पंढरीची वाट’ हे गीत त्यांच्या आवाजात घराघरांत पोहोचले. दत्ता पाटील हे त्याचे गीतकार व मधुकर पाठक हे संगीतकार, हे किती जणांस ठाऊक असते? त्यांचे पुत्र आनंद शिंदे यांनी १९८० नंतरच्या दशकात ध्वनिफितींची बाजारपेठच बदलून टाकली. विठ्ठल उमप (१९३१–२०१०) यांनी ‘जांभूळ आख्यान’ या प्रयोगाने लोककलेस नागर रंगभूमीवर प्रतिष्ठा मिळवून दिली. या सर्वांचे कर्तृत्व मोठे आहे. पण फितीच्या वेष्टनावर ठळक छापले जाई ते गायकाचे नाव आणि वेळेसाठी गीत आखडते घेताना बहुधा अखेरचे, मुद्रेचे कडवेच गळे.

मुलुंडच्या झोपडवस्तीत राहणारे विलास घोगरे हे या परंपरेतील पुढच्या पिढीचे कवी-गायक. आव्हान नाट्य मंचातून ते गात असत. आनंद पटवर्धन यांच्या ‘हमारा शहर’ (१९८५) या अनुबोधपटात त्यांचे गीत आहे आणि ते हिंदीत आहे. उपनगरांतील वस्त्या बहुभाषिक झाल्याचा तो एक पुरावाच मानावा लागेल. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याच्या विटंबनेनंतर जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात दहा जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर चौथ्या दिवशी घोगरे यांनी आपल्या राहत्या घरी जीवनयात्रा संपविली. पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉम्रेड’ (२०११) हा अनुबोधपट त्यांच्या मृत्यूपासून सुरू होतो आणि त्यात वस्त्यांतील अनेक गायकांची गाणी प्रत्यक्ष गाणाऱ्यांच्या तोंडून, नावानिशी टिपलेली आहेत. शाहिरी गीतांचे इतके विपुल दृक्-श्राव्य दप्तर अन्य क्वचितच असेल. घोगरे यांचे सहकारी संभाजी भगत यांनी ‘कोर्ट’ (२०१४) या चित्रपटासाठी गीते रचली. वस्तीत गाणाऱ्या एका वृद्ध शाहिरावर गीताबद्दल खटला भरला जातो, हेच त्या चित्रपटाचे कथानक आहे.

अण्णाभाऊंच्या स्मरणार्थ भारतीय टपाल खात्याने २००२ मध्ये तिकीट काढले आणि २०२२ मध्ये मॉस्को येथे त्यांचा पुतळा उभारण्यात आला. त्यांचे निवडक वाङ्मय महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केले आहे. ग्रंथात शब्द सुरक्षित राहतात. चाल, झीलकऱ्यांची साथ व गाण्यातील थांबे यांसाठी स्वरलेखनच हवे, आणि ज्यांनी ती मूळ पथके ऐकली, अशी माणसे दरवर्षी कमी होत आहेत. कायद्याच्या दृष्टीने भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे लेखनाधिकार राहतो. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार व संगीतकार यांचा स्वामित्वशुल्कातील वाटा अधिक सुरक्षित केला. त्या हिशेबाने अण्णाभाऊ साठे व अमर शेख या दोघांच्याही गीतांवरील हक्क २०२९ च्या अखेरीपर्यंत आणि वामनदादा कर्डक यांच्या गीतांवरील हक्क २०६४ च्या अखेरीपर्यंत त्यांच्या वारसांकडे राहतात.