ओळखीच्या गोळीचा दुसरा गुण

डोकेदुखीवर आपण सहज घेतो त्या अ‍ॅस्पिरिनचा वेगळाच गुण १९८८ साली उजेडात आला. मेलबर्नचे शल्यविशारद गॅब्रिएल क्यून यांना रुग्णांच्या पाहणीत आढळले की, ती घेणाऱ्यांत मोठ्या आतड्याचा कर्करोग कमी दिसतो. आशा वाढली. परंतु रोफेकॉक्सिब हे दुसरे दाहशामक औषध आतड्यातील गाठी रोखते काय, हे पाहताना हृदयविकाराचे झटके वाढलेले दिसले. २००४ साली ते मागे घ्यावे लागले. २०११ साली इंग्लंडच्या जॉन बर्न यांच्या प्रयोगात, आनुवंशिक लिंच विकाराच्या ८६१ जणांत, अ‍ॅस्पिरिनचा लाभ दिसला. तरी तिनेही जठरात रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून आम्ही म्हणतो : घराण्यात हा रोग असेल त्याने डॉक्टरांना अवश्य विचारावे, ओळखीची गोळी म्हणून आपल्या मनाने रोज गिळू नये.